साभार परत

टपालाने पाठविलेली कथा काही महिन्यांनी टपालानेच परत येते. लिफाफ्यावर आपल्याच हस्ताक्षरातला आपला पत्ता दिसताच आत काय असणार हे उघडण्यापूर्वी उमगते, आणि आतल्या छापील चिठ्ठीवर ‘साभार परत’ हे दोन शब्द असतात. हल्ली ते ईमेलने येतात, एवढाच फरक. या दोन शब्दांनी खचून कित्येक होतकरू माणसे लेखणी कायमची खाली ठेवतात, याचे मला मनापासून दुःख होते. कारण आपण कथा म्हणून जे धाडले तो बहुधा कथेचा कच्चा खर्डा असतो, आणि त्यातून कथा बाहेर काढण्याचे काम अद्याप व्हायचे असते.

माझी एक कथा अशीच एका मासिकाकडून परत आली होती. मामलेदार कचेरीतील एका अव्वल कारकुनाच्या नोकरीचा शेवटचा दिवस हा तिचा विषय. पहिली तीन पाने त्याचे घराणे, त्याचे बालपण, कर्जबाजारी वडील आणि गावचा पावसाळा यांच्या वर्णनाने भरली होती. चौथ्या पानावर तो दप्तरखान्याच्या किल्ल्यांचा जुडगा नव्या कारकुनापुढे धरतो आणि, तीस वर्षांच्या सवयीने, देता देता पुन्हा स्वतःच्याच कमरेला खोचतो, असा प्रसंग होता. संपादकांनी पत्र लिहिले नव्हते. मात्र या वाक्याशेजारी समासात शिसपेन्सिलीची एक बारीक उभी रेघ होती. त्या रेघेचा अर्थ उलगडायला मला आठ दिवस लागले. कथा तेथे सुरू होत होती.

पहिल्या तीन पानांतला मजकूर वाया गेला, असे मात्र मी म्हणणार नाही. ती पाने लिहिताना त्या माणसाशी माझी ओळख झाली, आणि लेखकाला पात्राची कुळकथा ठाऊक असल्याखेरीज त्याचा हात कमरेकडे कसा वळतो हे दिसत नाही. पण जे लेखकाला ठाऊक असावे लागते ते सारे वाचकाला सांगावे लागते असे नाही. म्हणून खर्डा पुरा झाला की तो पंधरवडाभर कपाटात ठेवावा, आणि मग पहिल्या कोणत्या वाक्याशी माणूस काहीतरी करू लागतो हे शोधून, त्याच्या आधीचे सारे निर्धाराने बाजूला काढावे.

त्यानंतरचा प्रश्न असा की, ही हकीकत पाहतो कोण आणि सांगतो कोण. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ साप्ताहिक काढले आणि त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध केली. बालविवाह, वैधव्य, केशवपन या विषयांवर त्या काळी व्याख्याने व लेख पुष्कळ होत होते. हरिभाऊंनी मात्र ती सगळी कहाणी नायिका यमू हिच्या स्वतःच्या तोंडून वदविली, आणि जे सभेत वादाचा विषय होते ते माजघरातून दिसू लागले. व्यंकटेश माडगूळकरांच्या १९५५ सालच्या ‘बनगरवाडी’त नवखा तरुण मास्तर धनगरांच्या वाडीत येतो, त्याला माणसे जशी उमगत जातात तशीच ती आपल्यालाही उमगतात. आपला खर्डा अडला असेल, तर त्यातले एक पान दुसऱ्या कुणाच्या नजरेने लिहून पाहावे. मी ते पान, हात पुढे करून ताटकळत उभ्या राहिलेल्या नव्या कारकुनाच्या बाजूने लिहिले, आणि जुडगा परत मागण्याचा त्याचा संकोच मला प्रथमच दिसला.

भावनेची नावे शक्य तितकी कमी घ्यावीत. ‘मुलाच्या आठवणीने आईला गहिवरून आले’ या वाक्यात वाचकाने पाहावे असे काहीच नाही. ‘आईने दोन ताटे मांडली, क्षणभर थांबली आणि एक उचलून परत फडताळात ठेवले’ असे म्हटले की गहिवर वाचकाच्या ठायी आपोआप उत्पन्न होतो. संवादांचेही तसेच. ‘पगार झाला का?’ असे विचारायचे असते तेव्हा आपल्या घरातली आई ‘जेवलास का?’ असे विचारते, आणि मुलगा ‘उद्या बघू’ असे उत्तर देतो. लिहिलेले मोठ्याने वाचावे; जेथे जीभ अडखळते तेथे वाक्य पुस्तकी झालेले असते.

हे सारे करायला सवड कोठून आणावी, असे नोकरदार माणूस विचारील. साप्ताहिकाची पाने आठवड्याच्या आठवड्याला भरावीच लागत, आणि त्या तगाद्यातच हरिभाऊंच्या मोठ्या कादंबऱ्या घडल्या, हे त्याने ध्यानात ठेवावे. रोज अर्धे पान, पण ठरल्या वेळी, एवढा नेम पुरेसा आहे. मराठी लेखकाला तर वर्षाकाठी एक मुदत आयतीच मिळते: काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून दिवाळीला कथा छापण्याची आपली परंपरा आहे. अंकांची जुळवाजुळव पावसाळ्यातच होते. म्हणून कथा उन्हाळ्यात लिहून ठेवावी, नक्कल आपल्यापाशी राखावी आणि ज्या अंकाकडे धाडायची तो आधी वाचून पाहावा.

संपादकाला वैरी मानू नये. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी ‘सत्यकथा’ मासिकासाठी लेखकांशी चिकाटीने पत्रव्यवहार करून कथा पुन्हा पुन्हा लिहवून घेतल्या, तितकी सवड आज प्रत्येक संपादकाला नसते, म्हणून ते काम आपले आपण करायला शिकले पाहिजे. माझी कथा सहाव्या खर्ड्यानंतर दुसऱ्या एका मासिकात छापून आली, आणि तिचे पहिले वाक्य किल्ल्यांच्या जुडग्याचे होते.

तेव्हा तुमची कथा परत आली असेल, तर तो लिफाफा ट्रंकेच्या तळाशी टाकू नका. आज रात्री जेवणे आटोपल्यावर ती बाहेर काढा, शिसपेन्सिल हाती घ्या, आणि चौथ्या पानापासून वाचायला सुरुवात करा.