निखाऱ्याची तयारी आणि धुरावरचें अन्न



कांहीं वर्षांपूर्वी हिंवाळ्यांतील एका संध्याकाळीं वैनगंगेच्या वाळवंटांत आम्हीं मुलांचा तळ टाकला होता. ढिवर बांधवांकडून ताजे मासे मिळाले होते व ते बांबूच्या ताटीवर ठेवून त्यांस धुरी द्यावी, असा बेत ठरला. निखारे मंदावलेले पाहून मीं घाईघाईनें काळ्या कोळशांची अर्धी टोपली त्यांवर ओतली. लागलीच दाट पांढरा धूर उसळला, सर्वांच्या डोळ्यांस पाणी आलें आणि मासे इतके कडू झाले कीं, भुकेलेल्या मुलांनींहि ते पानांतच ठेवले. माझी दुसरी चूक याहून मोठी होती. थंडी फार, म्हणून उरलेल्या निखाऱ्यांची शेगडी मीं रात्रीं एका तंबूंत ठेवूं दिली. पहांटे दोन मुलें डोकेदुखीनें व ओकारीनें जागीं झालीं. त्यांस तत्काळ मोकळ्या हवेंत आणून दवाखान्यांत नेलें व सुदैवानें तीं बरीं झालीं. परंतु पदवीधर म्हणविणाऱ्या मला निखारा म्हणजे काय, हें त्या दिवसापर्यंत नीटसें ठाऊक नव्हतें. पुढें जें शिकलों, तें तुम्हांस सांगतों.

आपला प्रदेश जसा रानाचा, तसा पाण्याचाहि आहे. १९८२ सालीं चंद्रपूर जिल्ह्यांतून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. परंतु दोघांमधून वाहणारी वैनगंगा एकच आहे. ती वर्ध्येस मिळून प्राणहिता होते आणि प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरींत विलीन होते. शिवाय गांवोगांवीं मालगुजारी काळापासूनचे तलाव आहेत. अशा ठिकाणीं मासे एकदम पुष्कळ मिळतात, पण टिकत नाहींत. म्हणून ते वाळविणें व धुरावर धरणें ही रीत जगांत बहुतेक नदीकांठच्या लोकांनीं अवलंबिली आहे. निखाऱ्यावर मासळी भाजण्याची चालहि तितकीच जुनी आहे. तिबिर्या समुद्राच्या किनाऱ्यावर कोळशाच्या विस्तवावर ठेवलेल्या मासळीचा उल्लेख योहानाच्या शुभवर्तमानांत आहे, हें आपणांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल.

प्रथम एक भेद लक्षांत ठेवावा. आपल्याकडे ‘कोळसा’ हा शब्द दोन वस्तूंस लावितात. खाणींतून निघतो तो दगडी कोळसा. त्यांत गंधक व इतर द्रव्यें असतात, व त्याच्या धुरावर अन्न कदापि धरूं नये. लांकूड कोंडून जाळल्यानें होतो तो लांकडी कोळसा. हा भेद कारखानदारांसहि जाणवला होता. १८८२ सालीं फॉन श्वार्त्स या तज्ज्ञाचा चांदा जिल्ह्यांतील लोखंडाविषयींचा अहवाल वाचून जमशेटजी टाटांस पोलादाच्या कारखान्याची कल्पना सुचली. लोहाऱ्याचें लोखंड उत्तम होतें; परंतु जवळच्या वरोऱ्याचा दगडी कोळसा त्या कामास योग्य ठरला नाहीं. सारांश, कामागणिक कोळशाची पारख वेगळी असते.

आतां लांकडी कोळशाचा स्वभाव पाहूं. लांकूड थोड्या हवेंत तापविलें म्हणजे त्यांतील पाणी, आम्लें व डांबरासारखीं द्रव्यें वाफेच्या रूपानें निघून जातात आणि मुख्यतः कार्बन मागें राहतो. म्हणून उत्तम कोळसा ज्वाळा व धूर न करतां संथपणें तापतो. परंतु भट्टींत कच्च्या राहिलेल्या तुकड्यांत तीं द्रव्यें थोडीं शिल्लक असतात व उघड्यावर ठेविलेला कोळसा हवेंतील ओलावाहि शोषून घेतो. असा थंड कोळसा विस्तवावर पडला कीं, आधीं ओलावा व डांबराची वाफ बाहेर पडते. तोच तो कडू पांढरा धूर. शिवाय थंड कोळसा खालच्या निखाऱ्यांची उष्णता शोषून घेतो, त्यामुळें विस्तव आणखी गुदमरतो व धूर अधिकच वाढतो. माझ्या माशांचा नाश ह्या कारणानें झाला.

कोळसा पेटवावयाचा तो अन्नापासून दूर. रॉकेल ओतूं नये; त्याची दुर्गंधी अन्नास लागते व भडका उडून हात भाजतात. साध्या पत्र्याच्या डब्याचीं दोन्हीं तोंडें कापून खालच्या बाजूस भोंकें पाडावीं. जस्ताचा मुलामा किंवा रंग दिलेला डबा मात्र घेऊं नये, कारण तापल्यावर त्यांतून विषारी वाफा निघतात. डबा दोन विटांवर उभा करून वर कोळसे भरावे आणि खालीं वाळलेल्या बांबूच्या काड्या पेटवाव्या. गरम हवा वर चढते, खालून ताजी हवा आंत शिरते आणि फुंकणी न घेतांहि सारे कोळसे पेटतात. वीस ते तीस मिनिटांत कोळशांवर राखेचा करडा थर चढला म्हणजे ते तयार झाले असें समजावें. त्यापूर्वीं अन्न वर ठेवूं नये.

निखारे कमी होऊं लागले कीं, काळे कोळसे त्यांवर ओतूं नयेत. विस्तव मंदावण्यापूर्वींच थोडे कोळसे बाजूच्या शेगडींत पेटवून घ्यावे आणि राख चढल्यावर चिमट्यानें मूठभर मुख्य निखाऱ्यांत घालावे. साधारण अर्ध्यापाऊण तासानें असें करीत राहिल्यास ऊब एकसारखी टिकते. दुसरी युक्ति अशी कीं, चांगल्या वाळलेल्या कोळशांची एक ओळ लांबवर रचून तिचें एकच टोंक पेटवावें. विस्तव हळूहळू पुढें सरकतो. एका वेळीं एकदोनच तुकडे पेट घेत असल्यानें कच्चा धूर फार थोडा निघतो.

निखारा ऊब देतो. सुगंधी धूर मात्र लांकडाच्या ढलप्यांचा. आंबा किंवा पेरू यांच्या वाळलेल्या ढलप्या थोड्याथोड्या टाकाव्या. पातळ, निळसर धूर चांगला; दाट पांढरा धूर दिसल्यास खालून हवा वाढवावी. रंगविलेलें लांकूड व कण्हेर तर वर्ज्यच. आणि आपल्या रानांतील बिब्बा विशेषेंकरून टाळावा, कारण त्याच्या रसानें कातडीवर फोड येतात व धुरानेंहि अंगाची आग होते. निखारे अन्नाच्या अगदीं खालीं न ठेवतां बाजूस ठेवावे. निखाऱ्यावर चरबी गळून उठणाऱ्या धुरांत कर्करोगास कारण होणारीं द्रव्यें असतात.

धूर म्हणजे जादू नव्हे. तो वरच्या थरापर्यंतच पोहोंचतो; मासा खरोखर टिकतो तो मीठ व पाण्याचा अंश कमी होणें यांमुळें. म्हणून मासा साफ करून, चिरून, मीठ लावावा आणि उष्णता आंतपर्यंत पोहोंचूं द्यावी. लगेच खावयाच्या माशाच्या गाभ्याची उष्णता ६३ अंश सेल्सिअस झाली पाहिजे. कोमट धुरांत तासन्‌तास राहिलेला मऊ मासा वरून सोनेरी दिसला तरी आंत जंतु वाढलेले असूं शकतात.

तंबूंतील त्या रात्रीविषयीं सांगावयाचें राहिलें. पुरेशी हवा न मिळाल्यास निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड वायु निघतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. आणि रक्तांतील हिमोग्लोबिनशीं तो प्राणवायूपेक्षां दोनशें पटींहून अधिक घट्ट जडतो. धूर दिसत नाहीं, म्हणजे भय नाहीं, हा समज म्हणूनच प्राणघातक आहे. जळती शेगडी खोलींत, तंबूंत किंवा मोटारींत कधींहि ठेवूं नये. झोपतांना तर नाहींच नाहीं.

शेवटीं रानाचा विचार. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमान्वयें राखीव जंगलांत परवानगीवांचून आग लावणें व कोळसा पाडणें हा गुन्हा आहे. आपला विस्तव अंगणांत किंवा ओल्या वाळूवर, पाचोळ्यापासून दूर असावा. राखेच्या पोटांत निखारा कित्येक तास जिवंत राहतो. म्हणून पाणी ओतून, ढवळून, पुन्हां पाणी ओतावें, आणि राख हातास थंड लागेपर्यंत जागा सोडूं नये.

तीं दोन मुलें आतां मोठीं झालीं आहेत. त्यांपैकीं एक भेटला, म्हणजे हंसून विचारतो, “गुरुजी, शेगडी बाहेर आहे ना?” मीहि हंसतों, परंतु घरीं गेल्यावर ती बाहेर आहे कीं नाहीं, हें एकदां पाहून येतों.