नऊ वारांचा हिशेब

नऊ वार म्हणजे ३२४ इंच. त्याचे तीन सारखे तुकडे केले तर प्रत्येक तुकडा १०८ इंचांचा होतो. जुन्या सुती लुगड्याचा पन्हा बहुधा ४५ इंचांच्या आसपास असतो, म्हणजे दोन तुकडे शेजारी शेजारी जोडले की रुंदी ९० इंच. ९० बाय १०८ हे आज दुकानात मिळणाऱ्या डबलबेडच्या चादरीचे नेहमीचे माप. तिसऱ्या तुकड्यातून उशांचे अभ्रे निघतात. शिवणीत इंच-दोन इंच जातात, नेसून विरलेला भाग कधी वगळावा लागतो. तरीही मुलुंडच्या किंवा अंधेरीच्या फ्लॅटमधल्या पलंगाला आजीचे एक लुगडे जवळजवळ पुरते.

हा हिशेब आत्ताच मांडायला हवा, कारण उपनगरांतले माळे सध्या भराभर रिकामे होत आहेत. घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीतल्या जुन्या इमारती पुनर्विकासाला निघाल्या की घर महिना-पंधरा दिवसांत खाली करायचे असते. लोखंडी ट्रंका उघडल्या जातात. त्यातून लुगडी, क्रोशाच्या लेसचे टेबलक्लॉथ, सोलापुरी चादरी, गिरणीच्या कापडाचे पलंगपोस बाहेर येतात आणि 'नव्या घरात हे कुठे ठेवायचं?' या एका प्रश्नावर त्यांचा निकाल लागतो.

पूर्वी हा निकाल बोहारणीच्या हाती असे. मूळच्या गुजरातेतल्या वाघरी म्हणजेच देवीपूजक समाजातल्या या बायका स्टीलची भांडी डोक्यावर घेऊन दारोदार फिरत आणि दोन साड्यांवर पातेले द्यायचे की नुसती वाटी, यावर जिन्यात अर्धा अर्धा तास घासाघीस चाले. त्यांची नजर कसलेल्या पारख्याची. खरी जर दिसली की ते लुगडे वेगळे काढायचे, कारण जर जाळून चांदी मिळते. धडके कपडे दुरुस्त होऊन जुन्या बाजारात जात, आणि अगदीच जीर्ण झालेले चिंध्या होऊन गॅरेजांत व कारखान्यांत यंत्रे पुसायला. एक धागाही वाया न घालवणारी ही साखळी बायकांनी चालवली, हे आपण पुरेसे मान्य केलेले नाही. आता सोसायटीच्या फाटकावर नोंद करून आत सोडतात, बोहारीण सहज वर येऊ शकत नाही, आणि ट्रंकेतले कापड थेट कचऱ्यात जाते.

त्या ट्रंकेत मुंबईचा इतिहासही असतो. शहरातली पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला उभी करायला घेतली. पुढे गिरणगावाने शंभरावर वर्षे देशाला कापड पुरवले. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि अनेक गिरण्या पुन्हा पूर्ण ताकदीने कधी चालल्याच नाहीत. पुष्कळ कुटुंबे उपनगरांत पांगली. त्यांच्या सामानातल्या ताग्याच्या टोकाला गिरणीच्या नावाचा शिक्का दिसला तर तो भाग कापून टाकू नये, चादरीच्या उलट बाजूला दुमडीत राहू द्यावा. कधी त्याच शिक्क्याशेजारी 'सॅन्फोराइज्ड' असेही छापलेले असते. कापड विकण्याआधीच आटवून घेण्याची ही पद्धत सॅनफोर्ड क्लूएट या अमेरिकन गृहस्थांनी १९३०च्या सुमारास शोधली. ती छाप नसलेले, कधीच न धुतलेले सुती कापड मात्र पहिल्या धुण्यात आटते. याउलट वर्षानुवर्षे धुतलेले लुगडे आटायचे तेवढे आटून बसलेले असते. त्याला नवे अस्तर जोडायचे असेल तर अस्तर आधी दोनदा धुऊन वाळवावे, नाहीतर पहिल्याच धुण्यानंतर सगळी शिवण चुण्यांनी भरते.

कात्री हातात घेण्याआधी कापड खिडकीशी उजेडासमोर धरावे. जिथे ते जाळीसारखे दिसते तिथे दोन्ही अंगठ्यांनी हलके ताणावे. टरकले तर तो भाग गेला. पिवळे डाग काढायला क्लोरीनचे ब्लीच वापरू नये, त्याने सुताचा कस जातो. कोमट पाणी, साधी पावडर आणि ऊन पुरते. इरकलीचा पदर आणि अंग यांचे ताणे वेगवेगळे असतात आणि विणतानाच एकमेकांत अडकवलेले असतात. त्या जोडावरून कात्री चालवली तर जोड सुटतो. दोन-तीन बोटे सोडून कापावे.

चादर नेहमी मधोमध विरते, कडा मात्र शाबूत राहतात. यावरचा उपाय दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये घरोघर केला जाई. तिथे १९४१ पासून कपड्यांचे रेशनिंग होते आणि १९४३ मध्ये सरकारने जुने कपडे टिकवण्यावर पुस्तिकाच काढली. चादर मधून उभी फाडायची, बाहेरच्या दोन धडक्या कडा मध्यभागी आणून जोडायच्या, आणि विरलेला भाग बाजूला गादीखाली जाऊ द्यायचा. त्याच १९४३ मध्ये आपल्याकडे कापड-सूत नियंत्रणाचा हुकूम निघाला होता आणि 'कंट्रोल'चे कापड मिळवण्यासाठी रांगा लागत होत्या. मधली शिवण पाठीला टोचू नये म्हणून दोन्ही कडा एकमेकींत दुमडून वरून टीप मारायची, म्हणजे ती सपाट बसते. लुगड्याच्या दोन तुकड्यांनाही हीच शिवण. मात्र मध्ये येणारे काठ आधी कापून काढावेत, ते जाड असतात आणि चादर ओढून धरतात. निघालेले काठ अभ्र्यांना लावावेत.

क्रोशाच्या टेबलक्लॉथचे उलटे असते. तिथे मधले कापड जाते आणि लेस टिकते. लेस धीराने उसवून, आधी धुतलेल्या सुती कापडाला हाताने टाचावी.

पडद्यांचा मोह सगळ्यांना होतो आणि हिशेबही जमतो: १०८ इंचांच्या तुकड्यातून वरची नळी आणि खालची दुमड धरून सात फुटी दारपडदा निघतो. पण पश्चिमेच्या खिडकीवर जुने रेशीम लावू नये. दुपारचे कडक ऊन ते थोड्या वर्षांत तडकवते. सुती लावायचे तर अस्तर हवेच.

उरलेल्या तुकड्यांची गोधडी करायला मला सर्वांत आवडते. उत्तर कर्नाटकात, हल्याळ-यल्लापूर भागातल्या सिद्दी बायका कवंद शिवतात. कडेपासून सुरुवात करून धावदोऱ्याच्या चौकोनी फेऱ्या मध्यापर्यंत नेतात. घाटावरच्या आपल्या वाकळेचे नाते त्याच्याशी जवळचे. पण घाटावरच्या थंडीसाठी घातलेला जाड भरणा मुंबईत नको. इथल्या हवेला दोन पदर, फार तर तीन. जाड गोधडी भिजली की घरच्या वॉशिंग मशीनला पेलत नाही आणि खिडकीच्या ग्रिलवर पावसाळ्यात वाळतही नाही. न वाळलेल्या भरण्याला कुबट वास येतो आणि मग बुरशी. दोन पदरांची एका दिवसात सुकते. बाळाचे दुपटे करायचे तर अर्थातच सगळ्यांत जास्त धुतलेले, सगळ्यांत मऊ लुगडे त्यासाठी राखावे.

खऱ्या जरीच्या पैठणीला मात्र कात्री लावू नये. ती मलमलीत गुंडाळावी, वेखंडाचे तुकडे शेजारी ठेवावेत, डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नयेत, आणि घड्या दर काही महिन्यांनी बदलाव्यात. एकाच घडीवर कापड राहिले की ते तिथेच चिरते.