कृत्रिम भूकंप, कृत्रिम वारा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

भूकंपाचा धक्का आणि वादळी वारा या नॉनस्टेशनरी यादृच्छिक प्रक्रिया आहेत. म्हणजे त्यांची तीव्रता आणि वारंवारता क्षणोक्षणी बदलते. धरणे, पूल, उंच इमारती यांची तपासणी करण्यासाठी अशा धक्क्यांच्या आणि वाऱ्याच्या कृत्रिम नोंदी संगणकावर तयार केल्या जातात.

गैरसमज : यादृच्छिक म्हणजे कसेही काढलेले आकडे.
वस्तुस्थिती : रूढ पद्धतीत वेगवेगळ्या वारंवारतांच्या शेकडो लहरींची बेरीज करतात. लहरीची कला (फेज) तेवढी यादृच्छिक असते. तिचा आयाम वर्णपटावरून, म्हणजे कोणत्या वारंवारतेत किती ऊर्जा आहे हे दाखवणाऱ्या आलेखावरून, ठरतो. भूकंपासाठी वापरला जाणारा कनाई-ताजिमी वर्णपट जमिनीच्या थराची नैसर्गिक वारंवारता आणि अवमंदन विचारात घेतो.

गैरसमज : तयार नोंदीची तीव्रता आधी चढती, मग उतरती केली की भूकंप तयार.
वस्तुस्थिती : त्याने फक्त तीव्रता बदलते. प्रत्यक्षात आधी जलद कंपनांच्या प्राथमिक लहरी येतात, मग दुय्यम लहरी आणि शेवटी संथ पृष्ठलहरी. इमारतीला तडे गेले की तिचा ताठरपणा घटतो आणि नैसर्गिक वारंवारता खाली येते. त्याच वेळी धक्क्याची वारंवारताही उतरत असेल, तर अनुनाद टिकून राहतो आणि नुकसान वाढते. म्हणून वर्णपटच काळाबरोबर बदलता धरावा लागतो. ही मांडणी संख्याशास्त्रज्ञ प्रीस्टली यांनी १९६५ मध्ये केली.

गैरसमज : कॅलिफोर्नियातील एल सेंट्रो येथील १९४० च्या भूकंपाची प्रसिद्ध नोंद सगळीकडे चालते.
वस्तुस्थिती : जागेनुसार धक्क्याचे स्वरूप बदलते. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात कोयना धरणातील यंत्राने मुख्यतः जलद कंपने टिपली, एका आडव्या दिशेतले त्वरण गुरुत्वत्वरणाच्या सुमारे ०.६३ पट होते. उलट १९८५ मध्ये मेक्सिको सिटीत तळ्याच्या मऊ गाळावर सुमारे दोन सेकंदांची संथ आंदोलने झाली आणि मध्यम उंचीच्या इमारती सर्वाधिक कोसळल्या. शिवाय एक नोंद म्हणजे अनेक शक्यतांपैकी एक. त्यामुळे त्या जागेला साजेशा अनेक नोंदी तयार करून रचनेच्या प्रतिसादाची सांख्यिकी काढतात.

गैरसमज : वाऱ्यासाठी सरासरी वेग आणि त्याभोवतीचे झोत पुरेसे असतात.
वस्तुस्थिती : बराच वेळ एकसारख्या वाहणाऱ्या वाऱ्यासाठी हे चालते. गडगडाटी ढगातून कोसळणारा थंड झोत मात्र काही मिनिटांतच चढतो आणि ओसरतो. तिथे सरासरी वेगच काळाबरोबर बदलता धरतात आणि वेगाचा जलद चढउतार त्यावर स्वतंत्रपणे रचतात.

गैरसमज : भूकंपाच्या कृत्रिम नोंदीवरून पुढचा भूकंप कळतो.
वस्तुस्थिती : ती भूकंपाची वेळ किंवा ठिकाण सांगत नाही. ठरावीक तीव्रतेचा धक्का बसल्यास रचना तगेल का, एवढेच तिच्यावरून तपासता येते.