कॅन्सरसाठी निधी गोळा करायला मुलं पाठवताय? आधी एवढं वाचा



४ फेब्रुवारीला जागतिक कर्करोग दिन असतो. तो जवळ आला की कुणीतरी निधीसाठी दौड ठेवतं, कुणी प्रभातफेरी काढतं, आणि शाळेला निरोप येतो, "सर, वीस-पंचवीस स्वयंसेवक द्या." आपण आठवी-नववीची मुलं पाठवतो. टोप्या, पाण्याच्या बाटल्या, फोटो, झालं! दुसऱ्या दिवशी मुलांना विचारून बघा, "हा पैसा कशासाठी होता रे?" बऱ्याच जणांना सांगता येत नाही. ही चूक मुलांची नाही, आपली आहे.

माझ्याकडूनही एकदा चूक झाली. वर्गात देणगीकार्डं वाटली आणि "प्रत्येकाने शंभर रुपये तरी आणा" असं बोलून गेलो. एका मुलीने दुसऱ्याच दिवशी शंभरची नोट आणली. नंतर कळलं, ती तिच्या आईच्या खुरपणीच्या मजुरीतली होती. आणि त्यांच्याच घरात मावशीवर कॅन्सरचे उपचार चालू होते. ज्या घराला मदत मिळायला हवी, त्याच घराकडून मी पैसे घेतले होते. नोट परत केली, पण तेव्हापासून मी निधीचा आकडा ठरवून देत नाही.

आपल्याच जिल्ह्याची गोष्ट

मुलांना "कशासाठी?" याचं उत्तर द्यायला लांब जायची गरज नाही. १९९९ साली आपल्या (तेव्हाच्या उस्मानाबाद) जिल्ह्यात गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगावर एक मोठा अभ्यास सुरू झाला. मुंबईचे टाटा मेमोरियल सेंटर, बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तो मिळून केला. गावांचे ५२ गट पाडले. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया त्यात होत्या. एका गटाची एचपीव्ही या विषाणूसाठी तपासणी झाली, दोन गटांची इतर पद्धतींनी, आणि चौथ्या गटाला नेहमीचीच आरोग्यसेवा होती.

आठ वर्षं पाठपुरावा झाला. निष्कर्ष २००९ मध्ये जगातल्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. एचपीव्ही तपासणीच्या गटात ३४,१२६ स्त्रिया होत्या, त्यांपैकी ३४ जणी या कर्करोगाने दगावल्या. चौथ्या गटात ३१,४८८ स्त्रिया होत्या, तिथे ६४ दगावल्या. हे गणित फळ्यावर मांडा. दर हजारी साधारण एक आणि दर हजारी साधारण दोन! आयुष्यात एकदा केलेल्या तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले.

आता मुलांना विचारा, या अभ्यासाला काय काय लागलं असेल? पैसा तर लागलाच, तो परदेशी देणगीतूनही आला. पण नुसत्या पैशाने एखादी बाई शेतातलं काम सोडून तपासणीला येते का? तिच्या घरी जाऊन, तिच्या बोलीत, भीती घालवेपर्यंत समजावणारं माणूस लागतं. म्हणून स्वयंसेवकाची कामं दोन: निधी जमवणं आणि माहिती पोचवणं. दुसरं काम पहिल्याइतकंच मोठं आहे.

उपचार मोफत, मग निधी कशाला?

पालक हा प्रश्न हमखास विचारतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरचे अनेक उपचार बसतात, हे खरं आहे. पण उपचार महिनोन्‌महिने चालतात. एसटीचं भाडं, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी, राहणं, जेवण हे सगळं घरच्यांनाच बघावं लागतं. मुंबईत दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा परळच्या टाटा रुग्णालयातल्या पेशंट आणि नातेवाइकांना कित्येक वर्षं आसरा देते आहे, ती याच गरजेपोटी. निधी उपचाराला जाणार, तपासणी शिबिराला की राहण्या-जेवणाला, हे आयोजकांना आधी विचारा आणि मुलांनाही सांगा.

सक्तीशिवायही निधी जमतो

कॅनडाच्या टेरी फॉक्सचा एक पाय कर्करोगामुळे काढावा लागला होता. १९८० मध्ये कृत्रिम पायावर तो १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावला. देशातल्या प्रत्येक माणसाकडून एक डॉलर, एवढीच त्याची मागणी होती. १९८१ मध्ये वयाच्या बाविसाव्या वर्षी तो गेला. त्याच्या नावाने आजही स्वयंसेवक दौड भरवतात. तिथे प्रवेश फी नाही आणि किमान देणगीची अटही नाही. ज्याला जमेल तो देईल, नाही जमलं तर नुसता चालेल.

मुलं पाठवण्यापूर्वी

१. संस्थेचा नोंदणी क्रमांक बघा. नोंदणी नसलेल्या गटाला लोकांकडून धर्मादाय वर्गणी गोळा करायची असेल, तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क नुसार धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते.

२. प्रत्येक रुपयाची पावती फाडा. डबा मोठ्या माणसाच्या ताब्यात ठेवा आणि मोजणी दोघांनी मिळून करा. रोख दोन हजारांच्या वर असेल तर देणगीवरची करसवलत मिळत नाही, म्हणून मोठी देणगी चेकने किंवा ऑनलाइन घ्या.

३. पालकांचं संमतीपत्र घ्या. मुलांना स्टँडवर, बाजारात एकटं पाठवू नका.

४. पेशंटचा फोटो फलकावर लावून दया मागू नका. त्यांचीही मुलं कुठल्यातरी वर्गात बसतात.

५. मुलांकडून चार वाक्यं पाठ नाही, पक्की समजून घ्या. कॅन्सर पेशंटजवळ बसल्याने, सोबत जेवल्याने होत नाही. तंबाखू, मावा, गुटखा यांनी तोंडाचा कॅन्सर होतो. लवकर सापडला तर बरा होण्याची शक्यता खूप वाढते. तपासणीबद्दल गावातल्या आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा.

६. कार्यक्रम झाल्यावर किती जमले आणि कुठे दिले, हे वर्गात सांगा. हिशेब फळ्यावर लिहा.

ज्याला घरून पैसे आणता येत नाहीत, त्यालाही पाणी वाटता येतं, पावत्या लिहिता येतात, घोषवाक्यं रंगवता येतात. आणि घरी जाऊन "आई, तू एकदा तपासणी करून घे ना" म्हणता येतं. पोराच्या सांगण्यावरून एक जरी आई उठून आरोग्य केंद्रात गेली, तरी आपला कार्यक्रम झाला असं मी धरतो.

यंदा आपल्या शाळेत करून बघा.