मांसपेशीतील गाठ : गुण औषधाचा की सुईचा?

दिवाळीच्या सुमारास कापूस वेचणीने वेग घेतला की टेंभुर्णी परिसरातील दवाखान्यांत मान व खांदा धरून येणाऱ्या रुग्णांची रीघ लागते. वेचणाऱ्या स्त्रिया दिवसभर वाकलेल्या. फवारणी करणाऱ्यांच्या पाठीवर सोळा लिटरचा पंप. ‘शीर चढली’ एवढे सांगून रुग्ण कमरेत डायक्लोफिनॅकची सुई घेतो आणि परततो. दुखऱ्या जागी वैद्याचे बोट मात्र लागत नाही.

बोट लावल्यास पुष्कळदा दोरीसारखा ताठर पट्टा व त्यात वाटाण्याएवढी गाठ लागते. ती दाबताच वेदना अन्यत्र पसरते. मानेलगत खांद्यावरच्या गाठीची वेदना शंखप्रदेशी पोहोचते आणि अर्धशिशीचा भ्रम उत्पन्न करते. हाच आधुनिकांचा ‘ट्रिगर पॉइंट’. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या वैद्य राहिलेल्या डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल यांनी डॉ. डेव्हिड सायमन्स यांच्यासह १९८३ साली यावर सविस्तर ग्रंथ सिद्ध केला. अशा गाठीत लिग्नोकेनसारखे बधिरता आणणारे द्रव्य अल्प मात्रेत टोचावे, ही त्यांची परंपरा.

परंतु गुण कशाचा? प्रागचे डॉ. कारेल लेविट यांनी १९७९ साली २४१ रुग्णांच्या ३१२ वेदनास्थानांचा अनुभव प्रसिद्ध केला. नेमक्या बिंदूवर सुई लागल्यास औषधावाचूनही ८६.८ टक्के स्थानी तत्काळ वेदनाशमन झाले. पुढील अभ्यासांतही कोरडी सुई व लिग्नोकेन यांच्या परिणामात फारसा भेद आढळला नाही. लिग्नोकेनने नंतरचा ठणका कमी राहतो, इतकेच. सुई लागताच पेशी क्षणभर फडफडते, ती नेम साधल्याची खूण. मग या गाठींत सरसकट स्टेरॉइड भरण्याचे प्रयोजन काय?

आपल्याकडे पुण्याचे वैद्य आर. बी. गोगटे यांनी विद्धकर्म व अग्निकर्म यांना व्यवहारात पुन्हा स्थान मिळवून दिले, हे वाचकांस विदित आहेच. सुश्रुताचार्यांनीही वातव्याधिचिकित्सेत स्नायुगत वातासाठी स्नेहन, उपनाह, अग्निकर्म, बंधन व उन्मर्दन सांगितले आहे. विद्ध आणि ट्रिगर पॉइंट एकच, असे म्हणण्याची घाई मात्र मी करणार नाही. विद्धात सुई बहुधा उथळ असते. येथे ती पेशीत उतरते.

आणि तेथेच धोका आहे. मान व बाहुशिर यांमधील स्थान हे अंसमर्म. त्याच्या आघाताने स्तब्धबाहुता सांगितली आहे. त्याच प्रदेशाखाली फुप्फुसाचे टोक आहे. सुई सरळ खोल गेल्यास छातीत हवा भरते, आणि छातीत नळी घालण्याची सोय खेड्यात नसते. म्हणून पेशी चिमटीत उचलून धरावी व सुई बरगड्यांकडे कदापि रोखू नये. रक्त पातळ करणारे औषध चालू असल्यास, त्वचेवर पूय असल्यास किंवा बधिरतेच्या औषधाची ॲलर्जी असल्यास हे कर्म टाळावे.

औषधविक्रेत्या बंधूंस एक सूचना. टाके घालण्यासाठी ॲड्रिनॅलिनयुक्त लिग्नोकेनची कुपी ठेवलेली असते. ती या कामी चालत नाही. कुपी देताना लेबल वाचून साधीच द्यावी. कर्मानंतर वैद्याने पेशी हळूहळू ताणून घ्यावी, स्वेदन द्यावे आणि एक-दोन दिवस जागा ठणकेल हे रुग्णास आधीच सांगावे. अन्यथा तो दुसऱ्या दिवशी पुन्हा कमरेतल्या सुईसाठी अन्यत्र जातो.