ओझरचे मिग, ढाक्याची धावपट्टी

मागाचा एक सांधा ढिला राहिला, की दोष थेट कापडावर उमटतो, हे सोलापुरात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. म्हणूनच १९७१ च्या भारत-पाकिस्तान हवाई युद्धाची गोष्ट मला वैमानिकांइतकीच फिटर मंडळींचीही वाटते.

त्यातले कितीतरी हात आपल्याच राज्यातले होते. १९६४ मध्ये नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या मिग कारखान्याची सुरुवात झाली. मिग-२१ ची रचना सोव्हिएत. पण सांगाडा ओझरला, इंजिन कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला अशी कामाची वाटणी ठरली. आधी आलेले सुटे भाग जोडले गेले, मग १९७० पासून कच्च्या मालापासून विमाने घडू लागली. १९७१ च्या डिसेंबरात हवाई दलाच्या ताफ्यात ओझरची मिग-२१ ‘एफएल’ प्रकारची विमाने होती.

हे विमान मुळात उंचावरच्या बॉम्बफेकी विमानांना गाठण्यासाठी घडवलेले. त्रिकोणी पंख, ध्वनीच्या दुप्पट वेग, इंधन मात्र बेताचे. ‘एफएल’मध्ये अंगची तोफच नव्हती, ती पुढे पोटाखाली टांगावी लागली. अशा विमानाकडून धावपट्टी फोडण्याचे काम करून घेतले गेले, हे मला ढाक्याच्या मोहिमेचे खरे कर्तृत्व वाटते.

तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, ढाक्याला, पाकिस्तानचे एकच लढाऊ पथक होते, सेबर विमानांचे. ४ डिसेंबरला ढाक्याच्या तेजगाव तळावर हल्ले सुरू झाले. पहिल्याच दिवशी आपली हंटर विमानेही पडली. तळावरची विमाने टिपणे जड जात होते, तेव्हा त्यांच्या पायाखालची जमीनच काढून घ्यायचे ठरले. गुवाहाटीच्या २८ व्या स्क्वाड्रनच्या मिग विमानांनी तीव्र उताराने झेपावत ५०० किलोचे बॉम्ब धावपट्टीवर टाकले. खड्डे बुजवले की पुन्हा हल्ला. ७ डिसेंबरपर्यंत सेबर कायमची जमिनीवर अडकली. उरलेली पुढे पाकिस्तानी सैन्यानेच निकामी केली.

यानंतर पूर्वेचे आकाश आपले झाले. मेघना नदीपलीकडे हेलिकॉप्टरने सैन्य उतरले, ११ तारखेला टांगाइलला छत्रीधारी जवान उतरले. १४ तारखेला विंग कमांडर बिश्नोई यांच्या नेतृत्वाखाली मिग विमानांनी ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर रॉकेटे डागली. त्याच दिवशी गव्हर्नर मलिक यांनी राजीनामा लिहून दिला. १६ डिसेंबरला पाकिस्तानी सैन्याची शरणागती झाली.

पुढे या विमानाच्या अपघातांनी अनेक घरे उजाड केली. त्याचा उतरण्याचा वेग मोठा, आणि तरुण वैमानिकांना त्याआधी सरावासाठी योग्य जेट विमान कित्येक वर्षे मिळाले नाही. सगळा दोष यंत्राच्या माथी मारणे मला पटत नाही. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ निवृत्त झाले.

वैमानिकांची शौर्यपदके नोंदलेली आहेत. रिव्हेट ठोकणाऱ्यांची नावे फारशी कुठे सापडत नाहीत. तुमच्या नात्यागोत्यात ओझरला नोकरी केलेले कुणी असेल, तर त्यांच्यासमोर बसा, विचारा आणि लिहून ठेवा.