रक्ताला काय ठाऊक?

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत रक्तदाबाच्या गोळ्या चहाच्या टेबलावर असतात आणि नैराश्याच्या कपाटात, साड्यांच्या घड्यांमागे. तरी कळायचे ते कळतेच. आमच्या मजल्यावरच्या एका वहिनींना डॉक्टरांनी एक गोळी दिली, सहा आठवडे वाट पाहिली आणि मग ती बदलून दुसरी सुरू केली. त्यांच्या यजमानांनी मला जिन्यात गाठून विचारले, ‘‘मलेरिया रक्तात दिसतो, कावीळ दिसते. मग हिला कोणती गोळी लागू पडेल, एवढं दिसू नये?’’

प्रश्न रास्त आहे. अमेरिकेतल्या ‘स्टार-डी’ या मोठ्या अभ्यासात (निष्कर्ष २००६ साली आले) पहिल्याच औषधाने पूर्ण बरे झालेले रुग्ण जेमतेम एक तृतीयांश निघाले. बाकीच्यांच्या नशिबी दुसरे औषध, तिसरे औषध. या मधल्या आठवड्यांत नोकऱ्या जातात, संसार विस्कटतात, कधी माणूसच हातचा जातो.

रक्तावर आशा ठेवणे नवे नाही. १९८१ साली बर्नार्ड कॅरोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेक्सामेथासोन देऊन रक्तातले कॉर्टिसॉल मोजण्याची चाचणी तीव्र नैराश्य ओळखण्यासाठी पुढे आणली. केवढा गाजावाजा झाला! पण वजन घटलेल्यांत, दारूच्या आहारी गेलेल्यांत, स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांतही ती तोच कौल देऊ लागली आणि मागे पडली.

आता चर्चा आहे ‘सीआरपी’ची. शरीरात कुठे दाह असला की यकृत हे प्रथिन रक्तात सोडते. २०१४ साली रुडॉल्फ ऊहर आणि सहकाऱ्यांनी दाखवले की, ज्यांचे सीआरपी लिटरमागे १ मिलिग्रॅमपेक्षा कमी होते त्यांना एस्सिटालोप्राम, तर अधिक होते त्यांना नॉर्ट्रिप्टिलीन जास्त मानवले. दोन्ही औषधे जुनी, आणि चाचणी अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत कुठल्याही लॅबमध्ये होणारी. मोह पडणारच! पण हेच प्रथिन किडक्या दाढेने वाढते, सुटलेल्या पोटाने वाढते, पावसाळी तापाने तर वाढतेच. जुलै महिन्यात घाटकोपरमध्ये निघालेला आकडा मनाचा की डासाचा, हे कोण सांगणार? शिवाय शेकडो रुग्णांची सरासरी समोरच्या एकाला लागू पडेलच असे नाही. म्हणून नेहमीच्या उपचारांत या आकड्यावरून औषध ठरवले जात नाही. कोणी ‘नैराश्याची रक्तचाचणी’ म्हणून पॅकेज गळ्यात मारू लागला, तर खिशाला हात लावण्याआधी त्याला चार प्रश्न विचारावेत.

थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ मात्र डॉक्टरांना विचारून जरूर तपासावे. थायरॉइड मंदावले तरी माणूस असाच खचतो, आणि ते रक्त नेमके सांगते.

लॅबवाचूनही एक अंदाज बांधता येतो. २००९ सालच्या एका मोठ्या विश्लेषणात असे दिसले की, पहिल्या दोन आठवड्यांत थोडाही फरक न पडलेल्यांपैकी फार थोड्यांना पुढे त्याच औषधाने गुण आला. म्हणजे झोप किती लागली, जेवण किती गेले, सकाळी अंथरुणातून उठवले का, हे घरच्यांनी रोज एका वहीत लिहावे. गोळी आपल्या मनाने बंद करू नये. पंधराव्या दिवशी ती वही घेऊन दवाखान्यात जावे.